मॅडम उठल्या का?

असं समजा, की तुम्ही माझ्याबरोबर एका माळावर उभे आहात. जानेवारीचे दिवस आहेत, सकाळचे साडेदहा वाजलेत आणि वारा असा गार आहे, की नाकाचा शेंडा आपलाच आहे का, हे हात लावून बघावं लागतं. आता समोर बघा. माळाच्या मधोमध एक फ्रिज उभा आहे. त्याच्या शेजारी शिलाई मशीन. मग एक लोखंडी पलंग, पलंगावर गाद्यांची चळत आणि चळतीवर एक शेळी, लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी ऐटीत बसलेली. जरा डावीकडं बघा. डोक्यात हेल्मेट घालून एक गृहस्थ खुर्चीवर बसलेत. मोटारसायकल नाही, नुसतं हेल्मेट. ते गावचे सरपंच रामहरी. आणि त्यांच्यामागं सगळं गाव, आपापल्या पातेल्यांना, पेट्यांना आणि म्हाताऱ्यांना धरून बसलेलं.

दिसलं सगळं? मग आता विचारा, की हे सामान इथं आलं कसं. विचारायलाच पाहिजे. तेच तर सांगायचं आहे.

जळकोटच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं, की पाथरवाडी लागते. शंभर-सव्वाशे घरं, बहुतेक पत्र्याची. एक मारुतीचं देऊळ, एक शाळा, आणि पुढं हा माळ. या गावात रविवारी जीपमधून कंपगिरी महाराज आले. महाराज अंगानं भरभक्कम होते आणि एवढ्या थंडीत उघडेच होते. देवळापुढच्या कट्ट्यावर बसून ते पहिलं वाक्य बोलले ते हे :

"आमच्या अंगात तपाची ऊब आहे. तीस वर्षं झाली, आम्ही अंगात सदरा घातलेला नाही."

लोकांनी हात जोडले. मग महाराजांनी डोळे मिटले, ते थोडं थरथरले आणि म्हणाले, "शुक्रवारी, दुपारचे बारा वाजायच्या आत, धरणीमाता कूस बदलणार! पत्र्याखाली राहील, तो पत्र्याखालीच राहील! सगळं सामान घ्या आणि माळावर या. खूण हवी असेल तर जनावरांकडं बघा. जनावराला आधी कळतं!"

तुम्हाला कदाचित हसू आलं असेल. पाथरवाडीत मात्र कुणी हसलं नाही, आणि त्याला कारण होतं. त्र्याण्णव साली या भागात खरोखरचा भूकंप झाला होता. उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं पडली होती. त्या वेळी जे तरुण होते, ते आता म्हातारे झाले आहेत. पण अजून एखादा जड ट्रक हमरस्त्यावरून गेला आणि भांडं वाजलं, की ते आधी छताकडं बघतात. एकदा खरी घडलेली गोष्ट अशीच असते. तिचं नाव घेऊन कुणीही दार वाजवावं, आपण लगेच उघडतो.

बिरूआबा अशांपैकीच एक. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. भूकंपानंतर वर्षभर ते घरात झोपले नव्हते, मेंढरांबरोबर उघड्यावरच झोपले होते. महाराजांचं बोलणं ऐकून ते घरी आले, मुकाट्यानं भिंतीवरचं घोंगडं काढून घडी घालायला लागले आणि बायकोला, हरणाबाईला, म्हणाले, "शुक्रवारी सकाळी समदं माळावर. काडीबी ठिवायची न्हाय."

"चूल बी?"

"चूल बी."

"आन ती पाटी?" हरणाबाईनं कोपऱ्याकडं बोट केलं.

"पाटी बी."

हे ऐकलं मात्र, आणि त्यांची नात अक्षदा हातातली वही टाकून उठली.

अक्षदा चौथीत होती. कोपऱ्यातली पाटी तिची होती. म्हणजे पाटी आजीचीच, पण पाटीत भुसा होता, भुशावर नऊ अंडी होती आणि अंड्यांवर अक्षदाची कोंबडी बसली होती. तिचं नाव मॅडम. कुणी जवळ गेलं, की ती मान वाकडी करून एका डोळ्यानं असं बघायची, की माणसाला आपण गृहपाठ केला नाही असं वाटायचं. म्हणून मॅडम.

या मॅडमची एक वाईट खोड होती. बसलेल्या जागेवरून पाटी हलवली, की त्या रुसायच्या. दिवाळीच्या आधी आजीनं सारवायला म्हणून पाटी अंगणात नेऊन ठेवली होती. मॅडमनी अंड्यांकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. सगळी अंडी नासली आणि आठवडाभर गल्लीतले लोक नाक धरून जायचे. तेव्हाच हरणाबाईनं निकाल दिला होता, "या बारीला सोडली. दुसऱ्यांदा अंडी घाण केली, तर मॅडम रश्श्यात."

आता ही दुसरी वेळ होती. अक्षदानं अंडी ठेवली तो दिवस शुक्रवार होता. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात. तिनं बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं, मग मैत्रीण श्रावस्तीकडून मोजून घेतलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. पिल्लं या शुक्रवारीच निघणार होती. म्हणजे ज्या दिवशी धरणीमाता कूस बदलणार होती, नेमक्या त्याच दिवशी.

"आबा, पाटी हलवायची न्हाय," अक्षदा म्हणाली.

"पोरी, जीव वाचला तर कोंबड्या शंभर."

रडून उपयोग नव्हता, आबा रडण्याला बधत नसत. मग अक्षदा हळूच म्हणाली, "आबा, जनावराला आधी कळतं म्हणले ना महाराज?"

"व्हय. आन ते खरंच हाय. त्या साली माझी मेंढरं तासभर आधी उठून हुभी राहिली हुती."

"मग कोंबडी जनावर न्हाय का?"

आबांच्या हातातली घडी तिथंच थांबली.

"धरणी हलायची असली तर मॅडमला कळंल," अक्षदा म्हणाली. "कळलं की ती उठंल. ती उठली की पाटी उचला. तवर न्हाय."

आबांनी डोकं खाजवलं. मेंढपाळ माणूस माणसांवर विश्वास ठेवील न ठेवील, जनावरावर ठेवतोच. पोरीच्या बोलण्यात चूक काढावी, तर आधी आपल्या मेंढरांना खोटं पाडावं लागत होतं. "बोलती तर बराबर," ते म्हणाले. "राहू दे पाटी."

अक्षदाला वाटलं, झालं, सुटलो. पण गाव लहान होतं आणि आबांना ही युक्ती इतकी आवडली, की त्यांनी ती चार जणांना सांगितली. चार जणांनी चौदा जणांना. बुधवारपर्यंत अख्खी पाथरवाडी एकच प्रश्न विचारायला लागली. पाणी भरायला जाणाऱ्या बाया दारात थांबायच्या, "हरणाक्का, मॅडम उठल्या का?" शाळेत जाणारी पोरं खिडकीतून डोकावायची, "उठल्या का?" कुणीतरी तिला चतुर्थीचा मोदक आणून दिला. मॅडमनी तो एका डोळ्यानं बघितला आणि खाल्ला नाही. "गंभीर हायेत," लोक म्हणाले.

गुरुवारी स्वतः सरपंच आले. हेल्मेट त्यांनी तेव्हापासूनच घातलं होतं. "अक्षदा, तुझी कोंबडी आता गावाची झाली," ते म्हणाले. "उद्या सकाळपास्नं आमचा पुतण्या मल्लेश हितं बसंल. मॅडम उठल्या, की त्यो सुतळी बॉम्ब लावंल. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यातला हाय, दिवाळीतला शिल्लक. माळावर आवाज आला, की समदे सावध."

"पण सरपंचकाका," अक्षदा घाईनं म्हणाली, "मॅडम रोजच एकदा उठती. दाणं खायला, पाणी प्यायला, आन..."

"आन काय?"

"आन परसाकडं जायला. लगीच परत येऊन बसती. आन काका, उद्या नऊच्या नऊ पिल्लं निघणार हायेत, तर आवाज..."

तेवढ्यात सरपंचांचा फोन वाजला. हेल्मेट काढल्याशिवाय तो कानाला लागेना आणि हेल्मेट काढायला ते तयार नव्हते. "व्हय व्हय, बघू," असं फोनला म्हणाले का अक्षदाला, ते कुणालाच कळलं नाही. नऊ पिल्लांची बातमी मात्र गावभर गेली.

पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले श्रावस्तीचे आजोबा, कोंडिबा, यांनी मात्र काही सामान बांधलं नाही. "महाराजांनी मागल्या साली दुसऱ्या एका गावात असंच सांगितलं हुतं," ते म्हणाले. "तिथं काय झालं न्हाय. तवा म्हणले, आमी थोपवलं. बरं हाय. माझी तूर काढायची राहिलीय, म्या शेतात चाललो."

असा शुक्रवार उजाडला आणि सामान माळावर गेलं, ते तुम्ही सुरुवातीला बघितलंच. अक्षदाच्या घरात उरल्या त्या चार भिंती, फळीवरची चार झाकणं, पाटी, मॅडम, पाटीजवळ अक्षदा आणि श्रावस्ती, आणि खिडकीशी एका हातात बॉम्ब आणि दुसऱ्या हातात पेटती उदबत्ती घेऊन बसलेला मल्लेश. मल्लेश कॉलेजात जायचा. त्याचा महाराजांवर फारसा विश्वास नव्हता, पण बॉम्बवर होता.

सव्वाअकराच्या सुमाराला अक्षदानं पाटीजवळ कान नेला. अंड्यातून आवाज येत होता. टक, टक. आतून कुणीतरी दार वाजवत होतं. एका अंड्याला बारीकसं भोकही पडलं होतं. "श्रावस्ती, ऐक," ती कुजबुजली. दोघींनी श्वास रोखला.

आणि मॅडम उठल्या.

आधी एक पाय लांब केला, मग दुसरा. पंख झाडले. पाटीतून उतरून त्या सावकाश दाराकडं निघाल्या, दाणं खायला, पाणी प्यायला आणि तिसऱ्या कामाला.

"उठल्या!" मल्लेश ओरडला.

"अरं दादा, थांब, ती रोजच..."

धडाम!

तेरखेड्याचा माल होता तो. गल्लीतले सगळे पत्रे एकदम खडखडले. फळीवरची चारही झाकणं खाली आली. मॅडम किंचाळून उडाल्या त्या थेट पत्र्यावर जाऊन बसल्या. आणि तिकडं माळावर बॉम्बपाठोपाठ पत्र्यांचा खडखडाट ऐकून शंभर तोंडांतून एकच आरोळी उठली, "हलली! भुई हलली!"

सगळे आडवे झाले. त्या गडबडीत कुणाचा तरी धक्का लागून फ्रिजचं दार उघडलं आणि आतलं एक वांगं घरंगळत निघालं. "वांगं बघा, वांगं!" सरपंच ओरडले. "जमीन वाकडी झाली!" लोक वांग्याकडं बघून रामराम म्हणायला लागले. शेळी तेवढी गादीवर शांतपणे रवंथ करत होती. आणि महाराज? सकाळीच जीपमधून माळावर आलेले महाराज आता पलंगाखाली होते. ज्यांना भूकंपाची वेळ आधीपासून ठाऊक होती, ते सगळ्यांत जास्त दचकले होते.

अक्षदाला मात्र या कशाचा पत्ता नव्हता. ती अंगणात उभी राहून पत्र्याकडं बघत होती. "मॅडम, या. या ना." तिनं ज्वारी टाकली. मॅडमनी एका डोळ्यानं ज्वारीकडं बघितलं, दुसऱ्या डोळ्यानं मल्लेशकडं बघितलं आणि आणखी वर सरकल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अक्षदानं आत जाऊन एक अंडं गालाला लावलं. मघाशी कोमट होतं, आता गार व्हायला लागलं होतं. आतली टकटक मंदावली होती.

"कशात तरी गुंडाळू," श्रावस्ती म्हणाली.

पण गुंडाळणार कशात? घोंगडं माळावर. वाकळ माळावर. चूल माळावर, काड्यापेटीसुद्धा माळावर. घरात वारा तेवढा उरला होता. पंधरा मिनिटं झाली. आता उशीर केला, तर आतली पिल्लं जाणार आणि त्यांच्यामागं मॅडमही रश्श्यात जाणार. अक्षदानं पाटी उचलली, वरून आपला स्वेटर काढून झाकला आणि पळत सुटली. पण कशी? पाटी हलू न देता पळायचं होतं. तुम्ही डोक्यावर भरलेली घागर घेऊन पळून बघा, म्हणजे कळेल.

माळावर पोचली तेव्हा महाराज पलंगाखालून निघून पलंगावर, शेळीच्या शेजारी, उभे होते. "बघितलंत? आम्ही सांगितलं होतं! हा पहिला धक्का! दुसरा..."

"महाराज," अक्षदा धापा टाकत म्हणाली, "खाली बसता का जरा?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"माझी अंडी गार पडायलीत. मॅडम पत्र्यावरनं येईना. तुमच्या अंगात तपाची ऊब हाय ना? मग ही मांडीवर घ्या. पिल्लं निघंपर्यंतच."

महाराज म्हणाले, "बाळ, ती ऊब... ती अशा कामाची नसते."

"मग कशाच्या कामाची असती?" अक्षदानं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

हरणाबाई पुढं झाली. "महाराज, रविवारी तुमीच म्हणला. समद्या गावानं ऐकलंय. लेकराची अंडी मराय लागलीत. बसा."

महाराज बसले. बिरूआबांनी घोंगडं आणलं, मांडीत भुसा अंथरला आणि नऊ अंडी एक एक करून मांडली. वरून महाराजांना गळ्यापर्यंत घोंगड्यानं गुंडाळलं. खरं सांगायचं तर अशी ऊब कुणाच्याही अंगात असते. घोंगडं गुंडाळून बसलात, तर तुमच्याही. पण तुम्ही तिचा बोभाटा केलेला नाही, म्हणून अंडी महाराजांच्या मांडीवर आली.

"आता हलायचं न्हाय," आबा म्हणाले. "आन बोलायचं बी न्हाय. आवाजानं अंडी हादरत्यात."

हे खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. आबांचा चेहरा अगदी सरळ होता.

महाराज गप्प बसले. बारा वाजायला दहा मिनिटं होती. सगळ्यांनी आपापले फोन काढून घड्याळं बघायला सुरुवात केली. तेवढ्यात मल्लेश खाली मान घालून आला. "काका," तो सरपंचांना म्हणाला, "मघाचा खडखडाट बी माझ्या बॉम्बचाच हुता. पत्रं त्यानंच वाजले. भुई न्हाय हलली."

"आन वांगं?"

"वांग्याचं मला माहीत न्हाय."

बारा वाजले. कुणी हललं नाही, जमीनही नाही. बारा वाजून पाच मिनिटं झाली. कोंडिबा तुरीचा भारा घेऊन शेतातून येत होते, ते बांधावरूनच ओरडले, "काय रामहरी, हलतंय का काय?"

"महाराजांची मांडी," सरपंच म्हणाले.

आणि ती खरंच हलत होती, कारण घोंगड्याच्या आत कुणीतरी त्यांना गुदगुल्या करत होतं. "चिव," आतून आवाज आला. लहानसा, ओला, चिडका. अक्षदानं घोंगड्याचं टोक उचललं. एक भिजलेला पिवळा गोळा कवचातून बाहेर पडून महाराजांच्या बोटाला चोच मारत होता. महाराजांचा चेहरा कसा झाला, ते सांगता येणार नाही. हसू आल्यासारखा आणि हसता येत नसल्यासारखा.

लोकांना भूक लागली. कुणी चूल उचलली, कुणी पलंग. हळूहळू घरं भरायला लागली, पण माणसं परत परत माळावर यायची, कारण पिल्लं मोजायची होती. दोन. तीन. चार वाजेपर्यंत आठ. तोवर पत्र्यावरून मॅडमही उतरल्या होत्या. पिल्लांचा आवाज ऐकून त्या तरातरा माळावर आल्या आणि महाराजांभोवती फिरत एका डोळ्यानं त्यांना बघायला लागल्या. महाराज आणखी आक्रसून बसले.

अक्षदा त्यांच्याजवळ बसून होती. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि महाराजांना बोलता येत नसल्यामुळं ही वेळ बरी होती.

"महाराज, भूकंप आला असता, तर तुमचं खरं झालं असतं. न्हाय आला, तर तुमी थोपवला असं होतं. कोंडिबाआजोबा म्हणले. मग तुमचं चुकलं कवा म्हणायचं?"

महाराजांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मदत केली नाही.

"माझं कवा चुकलं, ते मला कळतं," अक्षदा म्हणाली, "म्हणून विचारलं."

नववं अंडं तसंच राहिलं. आबांनी ते उन्हाकडं धरून बघितलं आणि मान हलवली. आत काहीच नव्हतं, पहिल्यापासूनच नव्हतं. महाराजांनी घोंगडं बाजूला केलं, भुसा झटकला आणि सुटल्यासारखा लांब श्वास घेतला. गाव भोवती जमलं होतं. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "भक्तजनहो," त्यांनी सुरुवात केली, "आजचं संकट..."

"थांबा जरा महाराज, आधी माझं ऱ्हायलंय," अक्षदा उठून उभी राहिली. शाळेत कविता म्हणताना राहतात तशी, हात खाली सोडून. "म्या गावाला सांगितलं हुतं, शुक्रवारी नऊ पिल्लं निघतील. शुक्रवार बराबर आला. पण पिल्लं आठच निघाली. एक अंडं फोलच हुतं, ते म्या आधी उजेडाला धरून बघाय पायजे हुतं. माझं चुकलं."

सरपंचांनी हेल्मेट काढलं. हरणाबाईनं नातीकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं, आणि रश्श्याचा विषय मनातून काढून टाकल्यासारखी पदर खोचून पिल्लांना कण्या टाकायला लागली.

मग अक्षदानं काय केलं? ती महाराजांच्या समोर मांडी घालून बसली. हनुवटीखाली दोन्ही हात घेतले. श्रावस्ती तिच्या शेजारी बसली, मल्लेश मागं बसला, बिरूआबा बसले, आणि बघता बघता सगळं गाव माळावर खाली बसलं.

"हं महाराज," अक्षदा म्हणाली, "आता तुमची पाळी." आणि ती वाट बघत राहिली.